धडा न करता तोललेलं वजन

आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडच्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो आणि २०१४ पासून तेलंगणात आहोत. बेला, जैनद, तामसी या भागातल्या कितीतरी घरांत आजही मराठीच बोलतात, पण कचेरीतला आणि ठाण्यातला कागद तेलुगू. मला तेलुगू बोलता येतं, पोटापुरतं. वाचता येत नाही. पन्नास वर्षांत हे मी कधी मनावर घेतलं नव्हतं. एका माणसाच्या सात महिन्यांच्या तुरुंगवासानं ते घ्यायला लावलं, आणि त्या तुरुंगवासाच्या कागदावर माझी सही आहे.

२०२४ ची दिवाळी होऊन गेली होती. कापसाची पहिली वेचणी चालू, तूर फुलावर. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पोलिसांची जीप आणि तिच्यामागे एक ट्रॅक्टर दुकानासमोर थांबला. ट्रॉलीत गांजाच्या झाडांचा ढीग आणि त्या ढिगाशेजारी आमच्याच गल्लीतला, मक्त्यानं वावर करणारा एक जण मान खाली घालून बसलेला. साहेबांनी विचारलं, काटा आहे ना? माझा काटा तीस किलोचा, इलेक्ट्रॉनिक. जुड्या बांधून एकेक करत सगळी झाडं त्यावर ठेवली गेली. मुळासकट, देठासकट, मुळांना चिकटलेल्या काळ्या ओल्या मातीसकट. बेरीज झाली बावीस किलो चारशे ग्रॅम.

मी तेलाचा डबा तोलतानाही आधी रिकाम्या डब्याचा धडा करतो. शेंगा घेतल्या तर माती झटकल्याशिवाय काट्यावर चढू देत नाही. त्या संध्याकाळी माती माझ्या डोळ्यांसमोर तोलली गेली आणि मी बोललो नाही. मग साहेबांनी चार पानं पुढे केली. दोन भरलेली, दोन अर्धी कोरी. ‘इक्कड संतकम पेट्टु,’ इथं सही कर. पंचनामा हा शब्द तेलुगूतही पंचनामाच आहे, तेवढा एक मला ओळखू आला. मी सही केली. ट्रॅक्टरवाल्यानंही केली. जीप गेली, मी शटर ओढलं.

चार महिन्यांनी त्याची बायको दुकानात आली. सामान घ्यायला नाही. म्हणाली, ‘भाऊ, वकील म्हणते का त्या कागदावर तुमची सही हाये. तुम्ही कवा गेलते आमच्या वावरात?’

तिनं आणलेली प्रत मी भाचीला वाचायला दिली. ती तेलुगू माध्यमात शिकते. ती एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेली आणि माझे हातपाय गार पडत गेले. त्या कागदानुसार मी दुपारी चार वाजता वावरात हजर होतो. झाडं माझ्यासमोर उपटली, तिथंच तोलली, तिथंच सीलबंद केली. घराची झडती माझ्यासमोर झाली आणि घरात आक्षेपार्ह काही मिळालं नाही. प्रत्यक्षात दुपारी चारला मी गल्ल्यावर बसलेला होतो. त्या वेळेत गिऱ्हाइकांनी मोबाइलवरून दिलेल्या पैशांच्या नोंदी अजून माझ्या फोनमध्ये आहेत. घराची झडती अंधार पडल्यावर झाली होती. ती बाई सांगते की पुरुष शिपायांनी ज्वारीची कोठी उपडी केली, तिच्या हातातला फोन हिसकावला आणि कापसाच्या उचलीचे चौदा हजार रुपये त्या दिवसापासून घरात नाहीत. पंचनाम्यात त्या चौदा हजारांचा उल्लेख नाही. नवऱ्याला ठाण्यातून कोर्टात नेलं तेव्हा तो लंगडत होता, हे तिच्यासारखंच गावातल्या इतरांनीही पाहिलं.

झाडं त्याच्या वावरात होती, हे खरं आहे. कापसाच्या ओळींत कुणीतरी बी आणि आगाऊ पैसे देऊन लावून घेतली होती. मी त्याचं समर्थन करत नाही. गांजानं आमच्या भागातली पोरं कशी बसल्या जागी संपतात ते मी रोज पाहतो, आणि कारवाई व्हावी असंच मला वाटतं. २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी गांजा लावणाऱ्याचं रयतु बंधू, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारं सरकारी अनुदान, बंद करू असं सांगितलं होतं, तेव्हा गावात कुणाला वाईट वाटलं नाही. पण गुन्हा केलेल्या माणसालाही त्याच्या गुन्ह्याच्या वजनाएवढीच शिक्षा मिळायला हवी. त्यात मातीचं वजन धरायचं नाही.

आणि इथं मातीचं वजनच निर्णायक होतं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात मोडत नाहीत, मुळं आणि माती तर नाहीच नाही. एक किलोपर्यंतचा गांजा अल्प प्रमाण, त्याला जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोपर्यंत मधलं प्रमाण, जास्तीत जास्त दहा वर्षं. वीस किलो ओलांडले की व्यापारी प्रमाण: किमान दहा वर्षं, कमाल वीस, आणि वर कलम ३७, म्हणजे आरोपी दोषी नसावा असं न्यायाधीशांना सकृद्दर्शनी पटल्याशिवाय जामीन नाही. लागवडीचा गुन्हा वेगळा, त्यालाही दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहेच. पण जामिनाचं दार बंद झालं ते त्या बावीस किलोंमुळे. माझ्या काट्यावर दोन किलो चारशे ग्रॅम माती झटकली गेली असती तर तो माणूस कदाचित पेरणीच्या आधी घरी असता.

म्हणून पंच म्हणून बोलावल्या जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता सांगतो. जायला सरसकट नकार देऊ नका. लेखी हुकूम देऊन बोलावलं आणि सबळ कारण नसताना नाही म्हटलं तर तोच गुन्हा ठरतो. पण पंच म्हणजे पाहणारा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ नुसार झडती तुमच्या समोर व्हायला हवी, सापडलेल्या वस्तूंची यादी तुमच्या समोर बनायला हवी आणि तिची प्रत घरमालकाला मिळायला हवी. जे पाहिलं नाही त्याखाली सही नको. कोऱ्या जागेवर तर नकोच. कोरी जागा असेल तर तिच्यावर आडवी रेघ मारायला सांगा, आणि ऐकलं नाही तर स्वतः मारा. भाषा येत नसेल तर सहीच्या वर आपल्या अक्षरात, आपल्या भाषेत लिहा: मला तेलुगू वाचता येत नाही, मला अमुक सांगितलं, मी अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत अमुक ठिकाणी होतो. तारीख आणि वेळ घाला. मराठीतल्या त्या दोन ओळींची ताकद किती असते ते मला फार उशिरा कळलं.

हा प्रकार आमच्याच कोपऱ्यातला आहे असं मला आधी वाटायचं. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझवरच्या गाजलेल्या छाप्यात पंच असलेल्या प्रभाकर साईल यांनी, आपल्याकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या, असं प्रतिज्ञापत्रावर सांगितलं होतं. तपास यंत्रणेनं ते नाकारलं. पुढे मे २०२२ मध्ये विशेष पथकाच्या आरोपपत्रात, त्या छाप्यात पकडल्या गेलेल्या आर्यन खानचं नाव पुराव्याअभावी आलं नाही. साईल त्याआधीच, एप्रिलमध्ये वारले. जिथं देशभरचे कॅमेरे रोखलेले होते तिथंही पंचाच्या कागदावर वाद उभा राहिला. आमच्या गावात तर कॅमेरा म्हणजे माझ्या दुकानातला एकच, आणि तोही त्या दिवशी बंद होता.

आता मात्र कॅमेरा कायद्यानंच आणला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ सांगतं की झडती आणि जप्ती, यादी बनवणं आणि सह्या घेणं, सगळ्याचं मोबाइलवर का होईना चित्रीकरण व्हायला हवं आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवं. आमच्या प्रकरणात ते झालंच नव्हतं. छापा पडलेल्या घरानं पहिला प्रश्न हाच विचारावा: साहेब, चित्रीकरण चालू आहे ना? ओरडून नाही, हात लावून नाही, वाट अडवून तर मुळीच नाही. सरकारी कामात अडथळा म्हणून दुसरं कलम लागायला वेळ लागत नाही.

अंगझडती वेगळी. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती द्यायचा तुम्हाला हक्क आहे, हे पोलिसांनी आधी तुम्हाला सांगितलं पाहिजे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं विजयसिंह जडेजा प्रकरणात ठरवलं की हे काटेकोरपणे पाळायचं आहे. हा हक्क अंगझडतीपुरता आहे, वावर किंवा पोत्यापुरता नाही, त्यामुळे त्यावर भलता भरवसा नको. बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची. अंधार पडल्यावर वॉरंटशिवाय घरात शिरायचं तर अधिकाऱ्यानं कारण आधी लेखी नोंदवलं पाहिजे आणि त्याची प्रत बहात्तर तासांत वरिष्ठांकडे गेली पाहिजे. ती प्रत आहे की नाही हे वकिलाला कोर्टात विचारता येतं, आणि अनेक खटले नेमके तिथंच डळमळतात.

अटक झाली तर अटकेची कारणं लेखी मागा. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ती आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत. हा निकाल मी भाचीकडून दोनदा समजावून घेतला. सीमेवर राहणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी तो दोन वर्षं आधी आला असता तर, असं वाटत राहतं. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं जातं. मार लागला असेल तर तो तिथं, त्याच वेळी, तोंडानं सांगायचा आणि अंगावरचे वळ दाखवायचे. आमचा माणूस गप्प राहिला, कारण ज्यांनी मारलं तेच त्याला धरून बाजूला उभे होते. नंतर वळ मावळले आणि सांगण्यासारखं काही उरलं नाही. ठाण्यात कॅमेरे हवेत आणि त्यांचं चित्रीकरण जपून ठेवायचं, हे परमवीर सिंग सैनी प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये ठरलेलं आहे. पण ते मागायचा अर्ज पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे. आम्ही पाचव्या महिन्यात जागे झालो. पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीला पुरावा म्हणून किंमत नाही, तरी धाकानं काही लिहून देऊ नका. वकील परवडत नसेल तर स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतला कुणीही, यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन. त्या बाईनं हे माहीत नसल्यामुळे पहिल्या वकिलासाठी गळ्यातली पोत विकली.

मी स्वतः काय केलं ते सांगतो. जे पाहिलं आणि जे पाहिलं नाही ते मराठीत लिहून काढलं, भाचीनं तेलुगूत उतरवलं, आणि पोलीस अधीक्षक, सत्र न्यायाधीश आणि मानवी हक्क आयोग यांना रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. पावत्या अजून गल्ल्यात आहेत. आठ दिवसांत एक ओळखीचा माणूस येऊन बसला आणि चहा पिता पिता म्हणाला, तुमच्या दुकानात उद्या गुटखा सापडला तर? मी रात्रभर जागा होतो. सकाळी तेही लिहून पाठवलं. माझ्या भीतीला त्यापेक्षा चांगला उपाय मिळाला नाही. चौकशीला एक अधिकारी आले, माझा जबाब झाला. निकाल अजून मला कळवलेला नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ५८ मध्ये विनाकारण झडती किंवा अटक करणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हजार रुपये. बांधाच्या भांडणातून मुद्दाम खोटी खबर देणाऱ्याला मात्र दोन वर्षांपर्यंत कैद आहे, हे गावकीत सर्वांनी लक्षात ठेवावं.

हैदराबादच्या उच्च न्यायालयानं सात महिन्यांनी त्याला जामीन दिला. वकिलानं वजनाचाच मुद्दा धरला होता. खटला उभा आहे, माझी साक्ष व्हायची आहे, आणि सरकारी पक्ष मला फितूर म्हणेल हे मला ठाऊक आहे. मक्त्याचं वावर मालकानं दुसऱ्याला दिलं. चौदा हजार परत आले नाहीत.

या जानेवारीत बस थांब्याजवळच्या एका पानटपरीवर छापा पडला. अधिकारी नवे होते. पंच म्हणून मला हाक आली आणि पाय जड झाले, पण गेलो. टपरीची झडती मी उभा राहून पाहिली. पुड्या निघाल्या, शिपाई मोबाइलवर चित्रीकरण करत होता. पंचनामा लिहून झाला आणि कागद माझ्यासमोर आला. मी म्हणालो, साहेब, मला तेलुगू वाचता येत नाही, माझी भाची घरी आहे, दहा मिनिटं थांबा. शिपायानं कपाळाला आठ्या घातल्या. अधिकारी म्हणाले, बोलवा.

ती शाळेच्या गणवेशातच आली. दिव्याखाली उभी राहून तिनं पहिली ओळ तेलुगूत वाचली, मग मराठीत सांगितली, मग दुसरी. तिसऱ्या ओळीवर थांबली. म्हणाली, ‘मामा, इथं पाच वाजता झडती घेतली असं हाये.’ मी घड्याळ दाखवलं, पावणेसात होत होते, झडती सव्वासहाला सुरू झाली होती. अधिकाऱ्यांनी कागद परत घेतला, पाचावर रेघ मारली, वर सहा पंधरा लिहिलं, बाजूला स्वतःची सही केली आणि कागद तिच्याच हातात दिला. तिनं उरलेलं पान शेवटपर्यंत वाचलं.

‘आता करा सही,’ ती म्हणाली.