कठड्याचा नियम आणि गॅसची टाकी



अनुवादाच्या 22 व्या अध्यायातील 8 व्या वचनात नवे घर बांधणाऱ्यासाठी एक लहानसा नियम आहे. त्या देशातील धाबी सपाट असत. लोक तेथे जवस वाळवीत, उकाड्यात निजत, पाहुण्याशी बोलत बसत. म्हणून मालकाने धाब्याला कठडा बांधावा. न बांधल्यास आणि कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येतो, असा त्याचा आशय आहे. पडणाऱ्याने जपून चालावे, असे तेथे म्हटलेले नाही. जबाबदारी मालकाची आहे, आणि ती अपघाताच्या आधीची आहे.

आजच्या घरातील असे धाबे म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसची टाकी. इंदुरात क्वचितच एखादे घर तिच्यावाचून असेल. रोजच्या वापराने तिची भीती गेली आहे, हे एका परीने चांगलेच. परंतु भीतीबरोबर तिची माहितीही गेली आहे. ती माहिती आधी करून घेऊ या.

14.2 किलोच्या घरगुती टाकीत प्रोपेन व ब्युटेन हे दोन वायू दाबाखाली द्रवरूपात भरलेले असतात. द्रवाचा वायू झाला म्हणजे तो सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो. हा वायू हवेपेक्षा जड आहे. धूर वर चढतो. हा मात्र पाण्यासारखा खाली उतरतो, फरशीवरून पसरतो आणि मोरीत, जिन्याखाली, तळघरात साचून राहतो. खोलीतील हवेत शेकडा दोनच्या आसपास त्याचे प्रमाण झाले की एक ठिणगी पुरते. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला सावध करण्यासाठी त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात.

गॅस खाली बसतो एवढे मनावर ठसले की टाकी कोठे ठेवावी हे निराळे सांगावे लागत नाही. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत जागेची अडचण असते, म्हणून भरलेली दुसरी टाकी जिन्याखाली किंवा पलंगाखाली सरकवून देतात. गळती झाली तर नेमके तेथेच वारा नसतो. टाकी उभी, उघड्या हवेशीर जागी, जमिनीच्या पातळीवर असावी; शेगडी ओट्यावर, तिच्याहून उंच. जादा टाकीच्या तोंडावर दोरीने बांधलेले टोपण घट्ट बसवावे, ती रिकामी असली तरीसुद्धा, कारण रिकाम्या टाकीतही थोडा गॅस उरतोच. पुष्कळ घरांत हे टोपण मुलांच्या खेळण्यात सापडते!

वास आल्यावर आपला हात पहिल्याने पंख्याच्या बटणाकडे जातो. तेच करू नये. बटण लावताना ठिणगी पडते आणि बंद करतानाही पडते. प्रथम शेगडी व रेग्युलेटर बंद करावे, रेग्युलेटर काढून टोपण लावावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांना बाहेर न्यावे. फ्रिज आपोआप सुरू होतो हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. विजेचा मुख्य खटका घराबाहेर असेल तर तो बाहेरूनच पाडावा. मग बाहेर उभे राहून 1906 या क्रमांकावर कळवावे.

आता समारंभाच्या स्वयंपाकाविषयी. 8 डिसेंबर 2022 रोजी राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यातील भुंगरा गावी लग्नघरात वरात निघण्याच्या बेतात होती. घरात ठेवलेल्या टाक्यांपैकी एकीतून गॅस गळला, पेटला आणि स्फोट झाला. तीसहून अधिक माणसे दगावली, त्यांत बायका-मुले होती. ही सारी पाहुणी मंडळी. टाक्या कोठे ठेवल्या आहेत हे त्यांना कोण सांगणार? कठड्याचा नियम कोणासाठी आहे, हे येथे स्पष्ट होते.

आपल्या मंडळ्यांत नाताळचे प्रीतिभोजन होते. आवारात भट्टी लागते, ऐन डिसेंबरच्या थंडीत. मोठी भट्टी गॅस भराभर ओढते, त्यामुळे टाकी गार पडून तिच्यावर दव, कधी हिमाचा थर जमतो आणि ज्योत मंदावते. मग आचारी टाकी आडवी करतो किंवा उकळते पाणी ओततो. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रवच नळीत शिरतो आणि ज्योत एकाएकी भडकते. तापवलेल्या टाकीतील दाब किती वाढेल, हे कोणाच्याच हाती नसते. टाकी बदलावी आणि पहिली उभीच राहू द्यावी, हा साधा उपाय. घरगुती टाकी अशा कामाला वापरणे कायद्यालाही धरून नाही; त्यासाठी 19 किलोची व्यापारी टाकी घ्यावी. उघड्यावर धोका नाही, असेही समजू नये. मंडपाची कनात तिन्ही बाजूंनी लावली की ती खोलीच झाली. राखीव टाक्या मंडपाबाहेर, मुले खेळतात त्या जागेपासून व गटारापासून दूर असाव्यात, आणि त्यांच्यावर एका माणसाची नेमणूक असावी. सराफ्यातल्या रात्रीच्या गर्दीत भट्ट्यांना खेटून उभे राहण्याची आपल्याला सवय झाली आहे. ती आवारात आणू नये.

आग लागलीच तर पाहत उभे राहू नये. 12 सप्टेंबर 2015 रोजी झाबुआ जिल्ह्यातील पेटलावद येथे भीषण स्फोट होऊन सत्तरहून अधिक लोक मेले. आरंभी दोष उपाहारगृहातील गॅसच्या टाकीवर गेला. पुढे शेजारी साठवलेली स्फोटके हे खरे कारण निघाले. परंतु काही पेटले आहे हे पाहून तेथे लोक जमले होते, आणि मृतांत अशांचा भरणा होता. जळत्या जागेत काय साठवले आहे, हे बाहेरच्याला कळत नाही. माणसे दूर न्यावीत आणि 101 वर अग्निशामक दलाला बोलवावे.

नवी टाकी घेताना वरच्या कड्याच्या आतील पट्टीवर एक अक्षर व दोन आकडे रंगवलेले असतात, ते वाचावे. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर, आकडे वर्षाचे. ‘बी 31’ म्हणजे त्या टाकीची पुढील तपासणी जून 2031 पर्यंत व्हावयास हवी. मुदत उलटलेली टाकी घेऊ नये. मोहोर शाबूत आहे ना, तोंडातील रबरी वायसर जागेवर आहे ना, हे आणणाऱ्याकडूनच तपासून घ्यावे. नळीवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून कधीही पाहू नये. नळीवर छापलेले वर्षही त्याच वेळी वाचावे, कारण पाच वर्षांनी ती बदलायची असते.