अंगठी घे गं, पण आपलं ऊन बघून

स्मार्ट अंगठीचे व्हिडिओ बघून डोकं भणाणलं ना तुझं? साहजिक आहे गं. हल्ली नाडी मोजणारी ही यंत्रं दागिन्यांसारखीच घडवतात. पडदा नाही, बटण नाही, दिसायला साधं वळं. सॅमसंगची २०२४ ची अंगठी टायटॅनियमची, सोनेरी रंगातही आहे. बंगळुरूच्या अल्ट्राह्यूमननं तर त्याच वर्षी १८ कॅरेट सोन्यातही आणली. दिसतात देखण्या! पण खरं सांगू का, तुला ती चंद्रपूरच्या मे महिन्यात वापरायची आहे.

पारा पंचेचाळीस ओलांडला की बोटं फुगतात. म्हणून आधी मापाच्या नमुना अंगठ्या मागव आणि त्यातली एक दिवसभर घालून भांडी घास, पीठ मळ. स्वस्त मुलाम्याखाली निकेल असलं तर घामानं पुरळ उठतं, त्यापेक्षा टायटॅनियम बरं. चार्जिंग पत्र्याखाली नको, थंड खोलीत कर. उष्णतेनं बॅटरी लवकर खचते आणि अंगठीतली बॅटरी बदलता येत नाही. म्हणूनच सोनं हवं तर पाटल्या कर, यंत्रात सोनं अडकवू नकोस.

आजीला स्मार्ट घड्याळ घेतेस, छान. पण तिच्या मनगटावर गोंदण आहे ना? घड्याळ कातडीवर हिरवा उजेड टाकून नाडी मोजतं. गोंदणाची शाई तो उजेड अडवते, मग आकडे चुकतात. तिला दुसऱ्या मनगटावर घालून बघ, नाहीतर अंगठी दे. आणि घरात सिकलसेल असेल तर या यंत्रांनी दाखवलेल्या ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबू नकोस. धाप लागली की थेट दवाखाना.

आता तुझी भामरागडला बदली झाली आहे, तिथं घालायला तुला हवं असलेलं सुरक्षेचं, म्हणजे संकटात घरी कळवणारं लॉकेट. कल्पना चांगलीच आहे. दिल्लीच्या लीफ वेअरेबल्सला २०१८ मध्ये अशाच उपकरणासाठी दहा लाख डॉलरचं एक्सप्राइझ बक्षीस मिळालं. पण बघ, अशी बरीच लॉकेटं ब्लूटूथनं मोबाइलला जोडलेली असतात. उपग्रहावरून तू कुठे आहेस ते जंगलातही कळतं, पण ते घरी कळवायला रेंज लागते. लॉकेट घाल, तरी निघताना वाट आणि पोहोचायची वेळ घरी सांगूनच जा.

घाबरू नकोस, तुला नीट निवडता येईल. अंगठी घेताना दुकानात तीन गोष्टी विचार: दरमहा वर्गणी आहे का, तुझ्या मोबाइलवर चालते का, बिघडली तर चंद्रपुरात दाखवता येईल की नागपूर गाठावं लागेल. उत्तरं पटली तर खुशाल सोनेरी घे, तुला शोभेल.