घरांतील आगगाडी : आधीं आराखडा, मग रूळ

घरीं लहानशी आगगाडी मांडावी, अशी हौस पुष्कळ विद्यार्थ्यांस असते. एंजिन, डबे व रूळ विकत आणले कीं काम झालें, असा त्यांचा समज असतो. आम्हीं स्वतः आमच्या मुलाबरोबर असेंच केलें. फळी भिंतीस टेकवून कोपऱ्यांत बोगदा व त्यावर टेकडी उभारली. पहिल्याच दिवशीं डबा बोगद्यांत घसरला. तेथवर हात पोहोंचेना. तेव्हां आठ दिवस खपून केलेली टेकडी फोडावी लागली. मुलाचे डोळे पाण्यानें भरले. चूक आमची होती. आम्हीं आराखडाच काढला नव्हता.

प्रथम प्रमाण ठरवावें. 'एचओ' या प्रसिद्ध प्रमाणांत प्रत्येक वस्तु मूळच्या 87 व्या हिश्श्याएवढी करितात. 1853 सालीं बोरीबंदराहून ठाण्यास जी गाडी गेली, तिचा मार्ग सुमारें 34 किलोमीटरांचा. या प्रमाणांतही तो सुमारें 390 मीटर भरेल! एवढें दालन कोणाच्या घरीं आहे? म्हणून काय घ्यावें याच्या आधीं काय सोडावें, हें ठरविणें अवश्य आहे.

आतां जागेचें गणित पाहूं. फळी 8 फूट लांब व 4 फूट रुंद आहे असें समजा. वळणाची त्रिज्या 457 मिलिमीटर धरल्यास तीवर लंबवर्तुळासारखा सुमारें 5 मीटर 30 सेंटिमीटरांचा मार्ग बसतो. त्यावर 75 मिलिमीटर उंच टेकडी हवी असेल, तर अर्ध्या मार्गांत चढावें व अर्ध्यांत उतरावें लागेल. म्हणजे दर 35 मिलिमीटरांस 1 मिलिमीटर चढ. बोरघाटांतील अत्यंत कठीण चढही 37 फुटांस 1 फूट एवढाच होता! शिवाय स्थानकासाठीं सपाट जागा मुळींच उरत नाहीं.

उंची 40 मिलिमीटर व चढ 50 स 1 ठेवावा. मग चढउतारांत 4 मीटर जाऊन 1 मीटर 30 सेंटिमीटर सपाट मार्ग शिल्लक राहतो. बोरघाटांतही डोंगर हटला नाहीं, आराखडाच बदलावा लागला. 1863 सालीं तो मार्ग खुला झाला, तेव्हांपासून खंडाळ्याजवळ गाडी थांबवून एंजिन दुसऱ्या टोकास जोडीत व उलट दिशेनें पुढील चढ चढवीत. 1929 सालीं नवा मार्ग झाल्यावर हा खटाटोप संपला.

शेवटीं हाताची पोंच पाहावी. मोठ्या माणसाचाही हात सुमारें 75 सेंटिमीटरांपलीकडे नीट काम करीत नाहीं. म्हणून 4 फूट रुंदीची फळी भिंतीपासून दूर ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनीं जातां येईल.

विद्यार्थ्यांनो, या सुटींत जुनीं वर्तमानपत्रें जमिनीवर पसरून त्यांवर संपूर्ण मार्ग खऱ्या मापानें काढा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, एंजिनाची किंमत विचारण्यापूर्वीं तो कागद मुलांबरोबर बसून पाहावा. कागदावरील चूक रबरानें पुसतां येते. फळीवरील चूक पुसावयास टेकडी फोडावी लागते.