पाठिंब्याची किंमत : दबावगट आणि अमेरिकेतील प्राथमिक निवडणूक

सत्ता मिळवू पाहतो तो पक्ष आणि सत्तेवर प्रभाव पाडू पाहतो तो दबावगट, ही व्याख्या राज्यशास्त्राच्या तासाला आपण सर्वांनीच पाठ केलेली असते. परंतु पक्षाचा उमेदवार कोण, हेच जेव्हा ठरावयाचे असते, तेव्हा दबावगटाने काय करावे? थांबावे, की आधीच कौल देऊन मोकळे व्हावे? १९८४ सालची अमेरिकन निवडणूक या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

आपल्याकडे उमेदवारी बहुधा पक्षश्रेष्ठी ठरवितात. अमेरिकेत राज्याराज्यांतील प्राथमिक निवडणुका व मतदारसभा यांतून ती ठरते. तेथे सारेच उमेदवार एका पक्षाचे असल्याने पक्षाचे नाव मतदाराला वाट दाखवीत नाही. अशा वेळी परिचित संघटनेचा शब्द मोलाचा ठरतो. शिवाय घरोघर फिरणारे कार्यकर्तेही संघटनाच पुरवितात.

ऑक्टोबर १९८३ मध्ये ए.एफ.एल.-सी.आय.ओ. या कामगार महासंघाने माजी उपाध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल यांना पाठिंबा जाहीर केला. प्राथमिक निवडणुकांपूर्वीच उमेदवार निवडण्याची महासंघाची ही पहिलीच वेळ. त्याच सुमारास शिक्षकांची मोठी संघटना एन.ई.ए. हीही मॉन्डेल यांच्या बाजूस आली. डिसेंबरात स्त्रियांच्या ‘नाऊ’ या संघटनेनेही, अध्यक्षीय निवडणुकीत प्रथमच, त्यांची निवड केली.

आता लढत संपली, असे अनेकांना वाटले. परंतु सिनेटर गॅरी हार्ट यांनी या बळालाच दोष ठरविले. संघटित कामगारांशी आपला मतभेद असलेला एक तरी महत्त्वाचा प्रश्न सांगा, असे आव्हान त्यांनी मॉन्डेल यांना दिले. २८ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यू हॅम्पशायरमध्ये हार्ट विजयी झाले.

तरीही संघटना वाया गेल्या, असे म्हणणे चूक होईल. इलिनॉय, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया या औद्योगिक राज्यांत मॉन्डेल सावरले, त्यात कामगार संघटनांचा वाटा होता. जुलैत त्यांना उमेदवारी मिळाली. उपाध्यक्षपदासाठी त्यांनी जेराल्डिन फेरारो यांना निवडले. प्रमुख पक्षाने या पदासाठी स्त्रीला उभे करण्याचा तो पहिला प्रसंग. स्त्रीसंघटनांची ही मोठीच मागणी होती. परंतु नोव्हेंबरात रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली, आणि कामगार-कुटुंबांतील पुष्कळ मतेही त्यांच्याकडे गेली.

यातून काय बोध घ्यावा? पाठिंबा नेतृत्व देते. मत मात्र सभासद देतो. या दोहोंत अंतर पडले की पाठिंब्याचे वजन घटते. जानेवारी २०१६ मध्ये प्लॅन्ड पॅरेंटहुडच्या राजकीय शाखेने प्राथमिक लढतीत प्रथमच कौल दिला, तो हिलरी क्लिंटन यांना. तेव्हा प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांनी अशा काही संघटनांची गणना प्रस्थापितांत केली. आरोप जुनाच होता. शब्द नवा होता.

लवकर दिलेला पाठिंबा उमेदवाराच्या दरबारी जागा मिळवून देतो. पण तो देताच घासाघीस करण्याची शक्ती ओसरते, आणि दुसरा उमेदवार निवडून आला तर दार बंद होण्याची भीती असते. उशीर करावा, तर कोणी विचारीत नाही. म्हणून कोणत्याही संघटनेचा पाठिंबा वाचताना आपण तीन प्रश्न विचारावेत : निर्णय कोणी घेतला? सभासदांना विचारले होते काय? आणि मोबदल्यात काय मिळाले? व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे प्रश्न विचारण्याची सवय लागणे, हेच या विषयाच्या अभ्यासाचे खरे फलित होय.