वीतभर जागेतील बाग

मुंबईच्या गिरगाव भागातील एखाद्या जुन्या चाळीपुढे उभे राहून वर पाहिले, तर एकावर एक असे लाकडी कठडे दिसतात. कठड्याच्या आत जेमतेम दोन माणसे एकमेकांना चुकवून जातील एवढी गॅलरी आणि तिला लागून दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडे. जेथे माणसांनाच जागा अपुरी, तेथे बागेची गोष्ट कोण काढणार? तरीही कोणत्या ना कोणत्या दारापुढे एक तुळस असतेच. पूर्वी ती रॉकेलच्या किंवा वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात लावलेली असे. पुढे डब्यांची जागा रंगाच्या प्लॅस्टिकच्या बादल्यांनी घेतली. भांडे बदलले, तुळस तीच राहिली. तिच्या सोबतीला गवती चहाचे एक ठोंब येते, मग एखादी मिरची, मग कोणी दिलेली पुदिन्याची काडी. आणि पाहता पाहता कठड्याच्या आत बाग उभी राहते. ‘उभी राहते’ असेच म्हणावे लागते, कारण तिला पसरायला जागा नसते.

अशाच एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहत असे. आजोळहून येताना तिने कढीपत्त्याचे एक रोप आणले आणि मोठ्या हौसेने एका डब्यात लावले. सकाळी शाळेत जाताना पाणी, दुपारी आल्यावर पाणी, निजण्यापूर्वी पुन्हा पाणी. पंधरा दिवसांत पाने पिवळी पडली आणि रोप मान टाकून बसले. तिने आणखी पाणी घातले. रोप मेले.

शेजारच्या काकूंनी डबा उलटा केला, तेव्हा आतून चिखल आणि कुजका वास बाहेर आला.

“अगं, तहानेनं नाही गेलं ते, बुडून गेलं,” काकू म्हणाल्या. “डब्याला भोक कुठं आहे? मुळांना हवा नको का?”

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. मातीच्या कणांमधील पोकळीत हवा असते. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, तर मुळे गुदमरतात, कुजतात. आणि कुजलेली मुळे पाणी वर चढवू शकत नाहीत. म्हणूनच पाण्यात उभे असलेले झाड तहानलेल्या झाडासारखे सुकते आणि अजाण माळी त्याला आणखी पाणी पाजतो. घरातील कुंड्यांतील कित्येक झाडे उपेक्षेने नव्हे, तर अशा मायेने दगावतात.

दुसऱ्या रोपाच्या वेळी मुलीने डब्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडली. माती वाहून जाऊ नये म्हणून त्यांवर फुटक्या मडक्याच्या खापऱ्या ठेवल्या आणि वर नारळाच्या शेंड्यांचा पातळ थर दिला. मातीचीही निवड करावी लागते. निव्वळ काळी माती ओली असता चिकट होते आणि वाळली म्हणजे तिला भेगा पडतात. म्हणून तिच्यात वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळतात. पाणी केव्हा घालावे, हे घड्याळाला न विचारता मातीला विचारावे. बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहावीत. आत ओल लागली, तर त्या दिवशी पाणी नको. भाजलेल्या मातीची कुंडी असेल, तर माठाप्रमाणे तिच्या अंगातूनही पाणी झिरपून उडून जाते. त्यामुळे ती थंड राहते, पण लवकर वाळते. प्लॅस्टिकच्या बादलीत ओल अधिक काळ टिकते. ज्याला कुंडीचा स्वभाव कळला, त्याला निम्मी बागवानी आली.

दुसरे रोप जगले. वर्षभरात ते मुलीच्या कमरेपर्यंत आले. पण डब्यातील माती होती तेवढीच दिसत होती. मग हे झाड आले कशातून, असा प्रश्न तिला पडला.

हाच प्रश्न सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने विचारला होता आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यानेही कुंडीच वापरली होती. आजच्या बेल्जममधील व्हान हेल्मोंट याने मातीच्या एका मोठ्या भांड्यात वाळवलेली २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, माती भरली आणि तिच्यात विलोचे, म्हणजे आपल्याकडील वाळुंजाच्या जवळच्या नात्यातील, ५ पौंडांचे रोप लावले. बाहेरची धूळ पडू नये म्हणून भांड्यावर भोके पाडलेले पत्र्याचे झाकण बसवले. मग पाच वर्षे पाण्याखेरीज काहीही दिले नाही. पाच वर्षांनी झाडाचे वजन १६९ पौंडांहून थोडे अधिक भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती केवळ दोन औंसांनी, म्हणजे जेमतेम मूठभर, कमी झाली होती! हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झाला.

झाड केवळ पाण्यापासून बनते, असा निष्कर्ष व्हान हेल्मोंटने काढला. प्रयोग उत्तम, निष्कर्ष मात्र अर्धाच खरा. झाकणाच्या भोकांमधून वर आलेल्या पानांना रोज हवा मिळत होती, हे त्याने हिशेबात धरले नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी वर आणलेले पाणी यांपासून पाने उजेडाच्या साहाय्याने आपले अन्न तयार करतात, हे पुढे उलगडले. त्याने क्षुल्लक म्हणून सोडून दिलेले ते दोन औंसही तितकेच महत्त्वाचे होते. कारण मातीतील जी लवणे झाडाला थोडीच, पण अवश्य लागतात, त्यांची वाट तेथूनच जाते. रानातील झाडाचे मूळ ती शोधीत दूरवर जाऊ शकते. डब्यातील मूळ चार बोटे गेले की पत्र्याला थडकते. त्याला जे काही हवे, ते मालकाने आणून द्यावयाचे. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मूठभर खत.

उजेडाचीही तीच कथा. गॅलरीला उजेड एकाच बाजूने मिळतो, आणि झाड त्या बाजूला वाकते. चार्ल्स डार्विन व त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांच्या टोकांवर टोप्या घालून पाहिल्या, तेव्हा टोक झाकलेला कोंब उजेडाकडे वळेना. वाकतो तो भाग खाली. पण उजेडाची जाणीव होते ती टोकाला, असे त्यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले. चाळीतल्या मुलीने एवढे प्रयोग केले नाहीत. ती दर रविवारी डबा थोडा फिरवून ठेवू लागली, इतकेच.

पुढच्या पावसाळ्यात एक पेच उभा राहिला. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काहीतरी दिसले. ते पुसायला तिने काडी लावली, तर ते हलले! ती अळी होती. काही दिवसांत अशा दोन अळ्या अंगठ्याएवढ्या झाल्या आणि त्यांचा रंग पानांसारखा हिरवा झाला. डिवचले की डोक्यामागून तांबूस रंगाचे दोन शिंगांसारखे अवयव बाहेर येत आणि उग्र दर्प सुटे. लिंबू व कढीपत्ता यांवर अंडी घालणाऱ्या काळ्या-पिवळ्या फुलपाखराची ती संतती होती. रोज सकाळी झाडाची एकेक फांदी उघडी पडू लागली.

आई म्हणाली, “आमटीला पान राहिलं नाही. काढून टाक त्यांना.”

मुलगी दोन दिवस विचार करीत राहिली. झाड तिने वाढवले होते. पण त्या अळ्यांनाही डोक्याएवढ्या उंचीवर, रस्त्यापासून तीन मजले वर, दुसरे खाद्य कोठे होते? तिने त्या राहू दिल्या. भाजीवर ज्याचे पोट आहे, त्या शेतकऱ्याला असे औदार्य परवडणार नाही, आणि त्याला कोणी दोषही देऊ नये. गॅलरीतल्या बागेला मात्र ते परवडते. अळ्यांनी झाड जवळजवळ निष्पर्ण केले आणि एके दिवशी त्या नाहीशा झाल्या. एक सापडलीच नाही. दुसरी कठड्याच्या खालच्या अंगाला, कमरेभोवती रेशमाचा धागा बांधून, कोश होऊन बसली होती. साधारण दहा दिवसांनी सकाळी शाळेची वेळ झाली असताना कोश उकलला. फुलपाखराचे पंख ओले आणि चुरगळलेले होते. ते पूर्ण पसरेपर्यंत मुलगी हलली नाही. त्या दिवशी तिला शाळेत उशीर झाला. झाडाची मुळे शाबूत होती. महिन्याभरात त्याला नवी पालवी फुटली.

चाळीतल्या बागेला शेजारधर्मही सांभाळावा लागतो. कुंडी कठड्यावर ठेवली, तर वाऱ्याने खाली कोणाच्या डोक्यात पडावयाची. म्हणून तिची जागा कठड्याच्या आतच. बुडाशी बशी ठेवली, तर साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. म्हणून बशी आठवड्यातून एकदा तरी घासून कोरडी करावी. आणि बशी न ठेवली, तर पाणी खालच्या मजल्यावर ठिबकते. ते एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या वाळत घातलेल्या पापडांवर ठिबकले. त्यानंतर चार दिवस जिन्यात त्या मुलीशी बोलल्या नाहीत.

मे महिन्यात सारे कुटुंब तीन आठवड्यांसाठी कोकणात निघाले. मुलीने पाण्याची बादली उंचावर ठेवली आणि सुती कापडाच्या वाती करून त्यांचे एक टोक बादलीत व दुसरे मातीत पुरले. दिव्याची वात तेल ओढते, तशी ही पाणी ओढते. युक्ती चांगली, पण एका बादलीचे पाणी उन्हाळ्यात तीन आठवडे कसे पुरावे? गाडीत बसल्यावर तिच्या मनात तोच हिशेब चालू होता.

परत आल्यावर ती जिना धावतच चढली. बादली कोरडी होती. तुळस होती, गवती चहा होता; कढीपत्त्याचा डबा मात्र जागेवर नव्हता.

“अगं, इकडे ये,” खालून आजींची हाक आली. डबा त्यांच्या दाराशी, दुपारच्या उन्हापासून आडोशाला ठेवलेला होता. खाली बशी होती, आणि तीही कोरडी. “वरती जिना चढून रोज पाणी घालवेना मला. तुळशीला काकू घालत होत्या. हे मोठं, म्हणून मुलांकरवी खाली आणलं.” मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, “बाजूला एक कोंब फुटलाय बघ. तो मला देशील?”

मुलीने वाकून पाहिले. खोडापासून बोटभर अंतरावर मुळातून एक कोवळा कोंब खरोखरच वर आला होता. त्याच संध्याकाळी ती एक रिकामा डबा आणि खिळा घेऊन गॅलरीत बसली.