काचपेटीतील मत्स्यपालन : मासे आणण्यापूर्वीची मशागत

शोभेचे मासे पाळण्याची आवड आता शहरापुरती राहिलेली नाही. ग्रामीण भागातील शाळा, दवाखाने व घरे येथेही माशांची काचपेटी दिसू लागली आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागील शोभिवंत मत्स्यपालनाचा समावेश झाल्यामुळे या विषयाकडे जोडधंदा म्हणूनही पाहिले जाऊ लागले. परंतु पुष्कळ ठिकाणी एकच अनुभव येतो. सकाळी पेटी आणली जाते, दुपारी पाणी भरले जाते, सायंकाळी मासे सोडले जातात; आणि आठ-पंधरा दिवसांत ते एकामागून एक मरतात. मग दोष दुकानदारास, हवेस किंवा नशिबास दिला जातो. वास्तविक दोष घाईचा असतो. ज्या पाण्याची मशागत झालेली नाही, त्यात मासे सोडणे म्हणजे न नांगरलेल्या रानात पेरणी करण्यासारखे होय. धंद्यासाठी पैसा गुंतवू इच्छिणाऱ्याने तरी प्रथम एका पेटीवर हा धडा गिरवावा, हे श्रेयस्कर.

मासे का मरतात ?

शेतात युरिया टाकला म्हणजे जमिनीत त्याचा अमोनिया होतो. जमिनीतील एका गटाचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात व दुसऱ्या गटाचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे नायट्रेट पिके मुळांवाटे घेतात. ही क्रिया जिवाणूंकडून होते, हे रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले.

नेमकी हीच क्रिया काचपेटीत घडावी लागते. मासे आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. अमोनिया माशांना विषारी आहे. त्याने कल्ले भाजल्यासारखे होतात. नायट्राइट रक्तात शिरले म्हणजे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते, व पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र त्या मानाने पुष्कळच सौम्य असते. नव्या पेटीत हे उपकारक जिवाणू जवळजवळ नसतात. त्यांची वाढ होण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. हा काळ जाऊ देणे, हीच पाण्याची मशागत होय.

पेटी व तिची जागा

नवशिक्याने फार लहान पेटी घेऊ नये. थोड्या पाण्यात विष लवकर साठते व तापमानही झपाट्याने बदलते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटी प्रारंभास योग्य. तीत वाळू घालून व वर थोडी जागा सोडून सुमारे ४५ लिटर पाणी राहते. पाणी, वाळू व काच मिळून वजन ६५ ते ७० किलो भरते; म्हणून मेज भक्कम व समतल असावे. काचेखाली थर्मोकोलचा पत्रा घालावा. भरलेली पेटी कधीही उचलू नये. पेटी चुलीजवळ किंवा थेट उन्हात ठेवू नये. उन्हाने पाणी तापते व शेवाळ माजते.

तळाशी दोन ते तीन मिलिमीटर जाडीची नदीची वाळू, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन, सुमारे दोन इंच पसरावी. वाळूवर लिंबाचा रस टाकून पाहावा. बुडबुडे आल्यास तीत चुन्याचा अंश आहे असे समजावे व ती वापरू नये.

पाण्यात हवा खेळती राहण्यासाठी हवेचा लहान पंप व त्यावर चालणारा स्पंजचा गाळक पुरेसा आहे. जिवाणूंचे मोठे वसतिस्थान हा स्पंजच असतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा; नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे येते. पेटीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी.

पाणी

नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरीचा क्लोरिन असतो. तो मासे व जिवाणू या दोहोंना घातक आहे. असे पाणी उघड्या तोंडाच्या प्लास्टिकच्या पिंपात किमान २४ तास ठेवून व अधूनमधून ढवळून मगच वापरावे. कूपनलिकेच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. तेही असेच ढवळून घ्यावे. तांब्याच्या हंड्यातील पाणी कदापि घालू नये, कारण पाण्यात उतरलेले तांबे माशांना विषारी ठरते. औषध फवारणीची बादली, साबणाचे हात आणि डास मारण्याचा फवारा यांपासून पेटी कटाक्षाने दूर ठेवावी.

उष्ण प्रदेशातील माशांना २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. विदर्भ, खानदेश व मराठवाड्यात थंडीच्या रात्री पाणी याहून पुष्कळ गार होते. तेथे ५० वॉटचा, तापमान-नियंत्रक असलेला हीटर बसवावा. उन्हाळ्यात अडचण उलटी असते. २० अंशांस एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांस तो साडेसात मिलिग्रॅमच उरतो. म्हणून उन्हाळ्यात मासे कमी ठेवावेत व हवा अखंड चालू ठेवावी. वीज गेल्यास तांब्याखेरीज अन्य भांड्याने पाणी काढून थोड्या उंचीवरून हळूहळू पुन्हा पेटीत सोडावे.

चार ते सहा आठवड्यांचा कार्यक्रम

पाणी भरून पंप सुरू करावा. हायड्रिलासारख्या पाणवनस्पती लावाव्यात. त्या अमोनिया व नायट्रेट शोषून घेतात. तळ्यातून आणलेल्या वनस्पती पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून नंतर धुवाव्यात. त्यानंतर मासे नसतानाही रोज चिमूटभर खाद्य पेटीत टाकावे. ते कुजून अमोनिया होतो व जिवाणूंना अन्न मिळते. परिचित व्यक्तीच्या निरोगी, जुन्या पेटीतील स्पंज थोडा पिळून ते पाणी घातल्यास विरजणाप्रमाणे काम लवकर होते.

अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे संच शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतात. प्रथम अमोनिया वाढतो. तो उतरू लागला की नायट्राइट वाढते. शेवटी दोन्ही शून्यावर येतात व नायट्रेट दिसू लागते. खाद्य टाकणे चालू असूनही दोन्ही शून्य राहिले, तर पेटी तयार झाली असे समजावे. पाणी केवळ स्वच्छ दिसणे ही खूण नव्हे. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

कोणते मासे, किती ?

दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी बहुधा जड व किंचित अल्कधर्मी असते. अशा पाण्यात गप्पी, मोली व प्लॅटी चांगले राहतात. निऑनसारखे मऊ पाण्यातील मासे नवशिक्याने टाळावेत. अल्कधर्मी व गरम पाण्यात अमोनिया अधिक विषारी होतो, हेही ध्यानी ठेवावे. गोल्डफिश मोठा होतो व पुष्कळ घाण करतो. या पेटीस तो योग्य नाही.

डासांच्या अळ्या खाणारा गप्पी मासा हिवताप-निर्मूलनाच्या कामामुळे गावोगाव परिचित आहे. प्रथम सहाच गप्पी आणावेत. नर व मादी एकत्र ठेवल्यास मादी साधारण महिन्याला पिल्ले देते आणि पेटीत दाटी होते. म्हणून प्रारंभी केवळ नर ठेवणे सोयीचे. दोन आठवडे तपासणी शून्य आली, तर आणखी चार-सहा मासे आणावेत. एकदम सर्व मासे सोडल्यास जिवाणू कमी पडतात.

मासे आणलेली पिशवी बंद ठेवून १५ ते २० मिनिटे पेटीत तरंगत ठेवावी. मग तीत पेटीतील पाणी थोडे थोडे मिसळून मासे जाळीने सोडावेत. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये.

नित्याची निगा

दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य दिवसातून एक-दोनदा द्यावे. पाव किंवा चुरमुरे घालू नयेत. भुकेने मेलेल्या माशांपेक्षा जादा खाद्याने मेलेल्यांची संख्या फार मोठी असते. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी काढून तितकेच मुरवलेले, त्याच तापमानाचे पाणी घालावे. काढलेले पाणी परसातील झाडांना घालावे. स्पंज या काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धुतल्यास महिन्याभराची मशागत एका क्षणात वाया जाते. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले, तर खाद्य बंद करून हवा वाढवावी व एक तृतीयांश पाणी तत्काळ बदलावे.

नको असलेले मासे नदी, ओढा किंवा तलावात कधीही सोडू नयेत. दक्षिण अमेरिकेतील सकर मासा, जो काचपेट्यांसाठी विकला जातो, तो भीमा नदीवरील उजनी जलाशयातही सापडला आहे. असे परके मासे स्थानिक माशांचे अन्न व जागा बळकावतात आणि मच्छीमारांचे नुकसान होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेत अशी एक पेटी विद्यार्थ्यांच्या हातून तयार करवून घ्यावी व तपासणीचे आकडे रोज वहीत लिहवून घ्यावेत. शेतातील खताचे जे रूपांतर मातीच्या पोटात अदृश्यपणे चालते, तेच येथे आकड्यांत दिसेल. शेतकऱ्यास पेरणीपूर्व मशागतीचे महत्त्व नव्याने सांगावे लागत नाही. तोच नियम त्याने पाण्यास लावावा. मग मासे जगतील व पैसाही वाचेल.