डावा कोपरा कितीला?

प्रश्न : मुलगा अटलांटात असतो. त्याच्याकडे गेलो की त्याच्या मित्रांच्या बेसबॉलवरच्या गप्पा कानावर पडतात. या खेपेला वाद रंगला होता तो ‘फर्स्ट बेस’च्या खेळाडूवरून. जुना ठेवायला हवा होता, की दुसरा आणला तेच बरं झालं? मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, मी कबड्डीतला, पुणेरी पलटणवाला. पण ऐकताना सारखा पलटणच्या डाव्या कोपऱ्यातला शादलुई आठवत होता. करंडक जिंकल्यावर पलटणने तो डावा कोपरा सोडला, ही चूक होती का? आणि असा निर्णय घेताना ही मंडळी मोजतात तरी काय?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : तो वाद बहुधा फ्रेडी फ्रीमन आणि मॅट ओल्सन यांच्यावरचा असणार. आधी तो थोडक्यात सांगतो, कारण पलटणचा हिशेब त्याच्या शेजारी ठेवला की लवकर उलगडतो.

अटलांटा ब्रेव्ह्‌ज २०२१ मध्ये अमेरिकेचे विजेते झाले. फ्रीमन हा त्यांचा पहिल्या बेसवरचा हुकमी माणूस. नेमका त्याच मोसमाअखेर त्याचा करार संपला, आणि त्याचं वय होतं ३२. क्लबने फार ताणलं नाही. १४ मार्च २०२२ रोजी ओकलंडला चार होतकरू पोरं देऊन त्यांनी ओल्सनला आणलं. तो तेव्हा अठ्ठाविशीला टेकला होता. दुसऱ्याच दिवशी त्याच्याशी आठ वर्षांचा, १६ कोटी ८० लाख डॉलरचा करार झाला. त्यानंतर दोनतीन दिवसांत फ्रीमन लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे गेला, सहा वर्षांसाठी १६ कोटी २० लाखांना. भागाकार करून बघा : ओल्सन वर्षाला २ कोटी १० लाखांना पडला, फ्रीमन पडला असता २ कोटी ७० लाखांच्या आसपास. वर्षाला साठ लाख डॉलर वाचले आणि चारेक वर्षांनी तरुण माणूस मिळाला. गेली ती चार पोरं. त्यांतला शे लँगेलियर्स पुढे ओकलंडचा मुख्य कॅचर झाला, म्हणजे सौदा फुकटात झाला नाही.

पुढे गंमत अशी की दोघंही चालले. २०२३ मध्ये ओल्सनने ५४ होमरन ठोकले, त्या वर्षी साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक. २०२४ च्या अंतिम मालिकेत फ्रीमन दुखऱ्या घोट्यानिशी उतरला, पहिल्याच सामन्यात शेवटच्या फटक्यावर चार धावा काढून सामना जिंकून दिला आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. म्हणून तुमच्या मुलाच्या मित्रांचा वाद मिटत नाही. दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे.

या हिशेबात एक गोष्ट बोलली जात नाही, पण सगळ्यांना ठाऊक असते. बेसबॉलमध्ये पहिला बेस ही तुलनेने भरून काढता येणारी जागा आहे. इतरांनी अडवून फेकलेला चेंडू पकडायचा, हे तिथलं मुख्य काम. ते सोपं नाही, पण तिसऱ्या बेसवरचा किंवा लांब मैदानातला एखादा वय झालेला दणकट फलंदाज तिथे आणून उभा करता येतो, आणि संघ तसं करतातही. त्यामुळे त्या जागेवरच्या माणसाची किंमत मुख्यतः त्याच्या बॅटवर ठरते.

कबड्डीतला डावा कोपरा याच्या बरोबर उलटा. तिथे दुसऱ्या जागेवरचा माणूस सहज सरकवता येत नाही.

मॅटवर काय घडतं ते जरा जवळून बघू. चढाईपटू आत आला आहे, बोनस रेषेकडे पाय टाकतो आहे. कोपऱ्यातला माणूस गुडघ्यात वाकून, हात खाली सोडून त्याच्या पावलाकडे बघत असतो. पाऊल आवाक्यात येऊन पडलं की हा घोट्यावर झेपावतो. इथपर्यंत कोपऱ्याची कर्तबगारी. पण घोटा धरला म्हणजे पकड झाली असं नाही. चढाईपटू धरलेला पाय घेऊन मध्यरेषेकडे लांब होतो. त्या क्षणी शेजारच्या मध्यरक्षकाने अंगावर येऊन त्याला अडवला किंवा बाहेर ढकलला, तर गुण आपला. तो निमिषभर उशिरा आला, तर चढाईपटूचा हात रेषेला लागतो आणि कोपरा व मध्यरक्षक दोघंही बाकावर जातात. गुणफलकावर पकड कोपऱ्याच्या नावावर लागते, पण तिच्यातला निम्मा वाटा शेजाऱ्याचा असतो.

म्हणून कबड्डी लीगच्या दहाव्या मोसमातली पलटण आठवताना नुसता शादलुई आठवू नका. डाव्या कोपऱ्यात तो, त्याच्या बाजूला संकेत सावंत, पलीकडे अबिनेश नटराजन, उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री. ही चौकडी महिनोन्‌महिने एकत्र खेळली. साखळीतल्या २२ सामन्यांत १७ विजय आणि फक्त दोन पराभव, ९६ गुणांनी पहिला क्रमांक. शादलुईचे त्या मोसमात पकडीचे ९९ गुण, लीगमध्ये सर्वाधिक. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळवून पहिला करंडक पुण्यात आला. मात्र त्या अंतिम सामन्याचा नायक चढाईतला पंकज मोहिते होता, त्याचे नऊ गुण होते. हे लोक विसरतात.

आता पैशांकडे येऊ. प्रत्येक संघाची थैली पाच कोटींची. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात पलटणने एकट्या शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. रुपयातले ४७ पैसे एका माणसावर! हे परवडलं, कारण बाकीचा संघ स्वस्तात उभा होता. अहिल्यानगरकडचा अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत ही पोरं आठव्या मोसमात नव्या तरुण खेळाडूंच्या गटातून आलेली. लिलावात कोणी त्यांच्यावर बोली लावलेलीच नव्हती. पण करंडक जिंकल्यावर अशी पोरं स्वस्त राहत नाहीत. अस्लम तर त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सगळ्यांना सांभाळायचं आणि एकाला अर्धी थैली द्यायची, हे दोन्ही जमत नाही. पलटणने सांभाळायचं ठरवलं. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला.

पुढचं आपण सगळ्यांनी बघितलं आणि गिळलं. अकराव्या मोसमात अस्लम दुखापतीने बाहेर पडला, पलटण बाद फेरीतसुद्धा पोचली नाही. आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी करंडक उचलला हरियाणाने, शादलुईसकट. तोही कुठे, तर आपल्या बालेवाडीत! त्या रात्री ‘कशाला सोडला’ असं म्हणणाऱ्या पुणेकराला मी दोष देणार नाही.

पण गोष्ट तिथे थांबवली तर हिशेब खोटा पडतो. बाराव्या मोसमासाठी तोच शादलुई २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला, आणि गुजरात पहिल्या आठांतही आला नाही. पलटण मात्र साखळीत १८ पैकी १३ सामने जिंकून पुढे अंतिम फेरीत गेली. शादलुई काही एका वर्षात खेळ विसरला नव्हता. पकड करायला त्याच्या शेजारी कोण आहे आणि समोरून गुण आणायला कोण आहे, हे बदललं होतं. तेव्हा माझं मत विचाराल तर सोडणं ही चूक नव्हती. अकरावा मोसम हातचा गेला तो मुख्यतः अस्लमच्या दुखापतीने, असं मला वाटतं. डाव्या कोपऱ्यातली पोकळी जाणवली हे खरं, पण २ कोटी ७ लाख तिथे ओतून अस्लमचे गुण परत आले नसते.

प्रश्न : पलटणने याआधी फझल अत्राचलीलाही असंच सोडलं होतं ना? मग ही या संघाची खोडच म्हणायची का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : खोड म्हणा किंवा धोरण म्हणा, पण तुमची आठवण पक्की आहे. नवव्या मोसमात फझल १ कोटी ३८ लाखांना पुण्यात आला, कर्णधार झाला आणि संघाला पहिल्यांदाच अंतिम फेरीत घेऊन गेला. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरने २९-३३ असं हरवलं. पुढच्या लिलावात फझल गुजरातकडे गेला, १ कोटी ६० लाखांना. त्याच्याच जागी, त्याच्याच देशाचा, त्याच्याहून तरुण शादलुई आला आणि मोसमाअखेर करंडक आला. हा सौदा म्हणजे थेट फ्रीमन-ओल्सनची नक्कल, फक्त इराणी आवृत्ती.

शेवटी फिरून फासा उलटा पडलाच. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने पलटणला ३१-२८ असं हरवलं, तेव्हा दिल्लीच्या बाजूने मॅटवर फझल होता. त्याचं हे तिसरं विजेतेपद : २०१५ मध्ये यू मुंबा, नंतर पाटणा, आणि दहा वर्षांनी दिल्ली.

यातून वयाचा एक मुद्दा निघतो, तो बोली लावणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. चढाईपटूचं भांडवल म्हणजे पाय. डुबकीचा बादशहा परदीप नरवाल बघा : पाटण्याला तीन करंडक, चढाईचे लीगमधले सर्वाधिक गुण, २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाखांची बोली. आणि २०२५ च्या लिलावात त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा कोणी हात वर केला नाही. विशी संपायच्या आत माणूस निवृत्त. फझल मात्र तेहतिसाव्या वर्षी करंडक उचलतो, कारण कोपऱ्यात पळण्यापेक्षा थांबता येण्याला जास्त मोल असतं. चढाईपटूवर मी तरुण असताना पैसे लावीन. कोपऱ्यावर तिशी ओलांडलेला माणूस मिळाला, तरी गुडघे तपासून घेईन.

प्रश्न : आयपीएलमध्ये जडेजा देऊन सॅमसन घेतला, तशी सरळ अदलाबदल इथे झाली तर लिलावाच्या भानगडीतून सुटका नाही का होणार?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : नोव्हेंबर २०२५ चा तो सौदा जमला, कारण दोन्ही घरांची नड एकमेकांना पुरी पडणारी होती. चेन्नईला धोनीनंतरचा यष्टिरक्षक-फलंदाज हवा होता आणि राजस्थानला अष्टपैलू. तरीही तराजू सरळ होईना, तेव्हा जडेजाबरोबर सॅम करन द्यावा लागला आणि जडेजाची रक्कम १८ वरून १४ कोटींवर आली. म्हणजे नुसता माणसाला माणूस कधीच होत नाही, वरून काहीतरी ठेवावंच लागतं. अटलांटालाही ओल्सनसाठी ओकलंडला चार पोरं मोजून द्यावी लागली होती.

कबड्डीत बारा संघ आहेत, आणि खऱ्या अर्थाने दर्जेदार डावे कोपरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ज्याच्याकडे असा एक आहे, तो त्याला तुमच्या दुसऱ्या चांगल्या चढाईपटूच्या बदल्यात का देईल? चढाईपटू दरवर्षी नवे उगवतात, गावोगावच्या मॅटवरून. देणारा मागेल तो तुमचा पहिला चढाईपटू. पलटणने शादलुईसाठी अस्लम दिला असता का? तुम्हीच सदाशिव पेठेतल्या चार जणांना विचारून बघा, उत्तर मिळेल आणि वर चार शब्द ऐकूनही घ्यावे लागतील.

लिलावाची सोय ही की तिथे बदल्यात माणूस द्यावा लागत नाही, फक्त पैसे जातात. ‘अ’ गटातल्या खेळाडूची बोली ३० लाखांपासून सुरू होते, आणि जुन्या संघाला शेवटच्या बोलीशी बरोबरी करून आपला माणूस परत घेण्याचं कार्डही असतं. पण थैली पाच कोटींचीच असते. बाराव्या मोसमाआधी पलटणने १ कोटी ५ लाख ८० हजार मोजून सचिन तंवर आणला, तो चढाईपटू. मोठी रक्कम कोपऱ्यावर न लावता चढाईवर लावली, म्हणजे अस्लमसारखी दुखापत पुन्हा झाली तर संघ बसू नये याची तजवीज त्यांनी आधी केली. ते अंतिम फेरीपर्यंत पोचले, तेव्हा हिशेब अगदीच चुकला असं म्हणता येणार नाही.

पुढच्या लिलावात डाव्या कोपऱ्यावर कोण येतो ते सगळेच बघतील. तुम्ही त्याच्या शेजारचा मध्यरक्षक कोण राखला जातो तेही बघा. जोडी जुनी असेल तर कोपऱ्याला पन्नास लाखही पुरतात. जोडीच नवी असेल, तर दोन कोटींचा माणूससुद्धा पहिले आठ-दहा सामने चाचपडतच खेळतो, आणि तोवर गुणतक्त्यात संघ कुठल्या कुठे गेलेला असतो.